टायर बसविल्यानंतरची तपासणी : चाकाचे नट, हवेचा दाब आणि अचूक फवारणी

हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरची चाके अनेक कारणांनी उतरविली जातात. कोठे झिजलेले टायर बदलावयाचे असतात, कोठे पंक्चर काढावयाचे असते. आंतरमशागतीसाठी ओळींच्या अंतरानुसार दोन चाकांमधील अंतर कमी-जास्त केले जाते. भातपट्ट्यात चिखलणीसाठी लावलेली केज व्हील उतरवून पुन्हा रबरी टायर चढविले जातात. चाक जागेवर बसले, नट आवळले गेले आणि हवा भरली की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कामाचा महत्त्वाचा भाग त्यानंतर सुरू होतो. नव्याने बसविलेल्या चाकाचे नट पहिल्या काही तासांत सैल होण्याची शक्यता सर्वाधिक असते, तर टायर रिमवर बसविताना भरलेला हवेचा दाब आणि शेतकामासाठी आवश्यक असलेला दाब हे क्वचितच सारखे असतात.

हा विषय केवळ यंत्राच्या देखभालीपुरता मर्यादित नाही. ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्राद्वारे प्रति हेक्टर किती द्रावण पडते, हे चाकाच्या वेगावर अवलंबून असते आणि चाकाचा वेग टायरवर. कीड नियंत्रणाचे गणित अशा रीतीने चाकापासूनच सुरू होते.

नट सैल का होतात?

नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो. या ताणामुळे चाकाची डिस्क हबवर घट्ट दाबली जाते आणि दोन्ही पृष्ठभागांमधील घर्षण चाकाचा भार पेलते. योग्य रीतीने आवळलेल्या चाकात स्टडवर आडवा भार जवळजवळ येत नाही. त्याचे काम केवळ दाबून धरण्याचे असते.

चाक बसविताना डिस्क आणि हब यांच्यामध्ये रंगाचा जाड थर, गंज, वाळलेला चिखल किंवा वाळूचे कण राहिल्यास नट आवळताना ते घट्ट वाटतात. मात्र ट्रॅक्टर चालू लागला की भार व हादरे यांमुळे हे थर चुरडले जातात. थर काही अंश मिलिमीटरने दबला तरी स्टडमधील ताण मोठ्या प्रमाणात घटतो. त्यानंतर डिस्क हबवर सूक्ष्म सरकू लागते, छिद्रे लांबट होतात आणि प्रत्येक फेऱ्यासोबत स्टडवर आडवा भार येतो. सतत वाकण्याने तार जशी तुटते, तसाच स्टडही अखेरीस थकून तुटतो. एक स्टड तुटला की त्याचा भार शेजारच्या स्टडवर जातो आणि पुढील स्टड तुटण्यास फारसा वेळ लागत नाही.

रस्त्यावर निघालेल्या ट्रॅक्टरचे चाक निखळल्यास चालकाच्या जिवाला धोका असतो. ६०० लिटर क्षमतेची टाकी भरलेले ओढते फवारणी यंत्र असेल, तर केवळ पाण्याचेच वजन ६०० किलो असते. असे यंत्र कलंडल्यास चालक व मजूर यांना इजा होतेच, शिवाय कीडनाशकाचे द्रावण रस्त्यावर, ओढ्यात किंवा विहिरीलगत सांडते. म्हणून ओढत्या यंत्राच्या चाकांनाही ट्रॅक्टरच्या चाकांइतकेच महत्त्व द्यावे.

नट आवळण्याची योग्य पद्धत

चाक चढविण्यापूर्वी डिस्क व हबचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. केज व्हील उतरविल्यानंतर ही काळजी विशेष घ्यावी, कारण हबवर चिखल हमखास राहतो. स्टडचे आटे स्वच्छ असावेत. निर्मात्याची तशी सूचना नसल्यास आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. तेलकट आट्यांमुळे घर्षण घटते आणि तेवढाच जोर लावूनही स्टडवर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येतो. नटाची एक बाजू निमुळती असल्यास ती डिस्कच्या छिद्राकडेच असावी.

चाक जॅकवर उचललेले असताना सर्व नट हलके आवळून डिस्क हबवर सरळ बसवून घ्यावी. त्यानंतर चाक जमिनीवर टेकवून पूर्ण जोर दोन ते तीन टप्प्यांत लावावा. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. सहा नट असल्यास १, ४, ३, ६, ५, २ आणि आठ नट असल्यास १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ असा क्रम ठेवता येतो. ओळीने आवळल्यास डिस्क एका बाजूस तिरकी बसते आणि ती सरळ होताना उरलेले नट सैल पडतात.

किती जोर लावावा, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्रपणे दिलेले असते. टॉर्क पाना उपलब्ध नसल्यास साधा हिशोब उपयोगी पडतो. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ४० किलोचा जोर लावला, तर टॉर्क २० किलो-मीटर, म्हणजे सुमारे १९६ न्यूटन-मीटर होतो. याउलट, ७० किलो वजनाची व्यक्ती एक मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकावर उभी राहिली, तर तोच टॉर्क सुमारे ६८७ न्यूटन-मीटरपर्यंत जातो. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यामुळे स्टड प्रमाणाबाहेर ताणला जाऊन कायमचा कमकुवत होण्याचा धोका असतो. अति आवळणे हे सैल ठेवण्याइतकेच घातक आहे.

अनेक ट्रॅक्टरच्या मागील चाकांना नटांचे दोन संच असतात. एक संच डिस्कला हबशी जोडतो, तर दुसरा डिस्कला रिमशी. चाकांमधील अंतर बदलताना दोन्ही संच उघडले जाऊ शकतात. पुनर्तपासणीत मात्र रिमकडील संचाकडे दुर्लक्ष होते.

पुनर्तपासणी केव्हा करावी?

चाक बसविल्यानंतर थोडे अंतर चालवून नट एकदा तपासावेत. पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर, म्हणजे सुमारे १० तासांच्या आत, पुन्हा तपासावेत. या तपासणीत एखादा नट फिरला, तर तो आवळून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. एकही नट फिरत नाही अशी खात्री झाल्यावर दर ५० तासांच्या नेहमीच्या देखभालीत त्यांचा समावेश करावा. माहितीपुस्तिकेत याहून कमी कालावधी दिला असल्यास तो पाळावा.

नट आवळल्यानंतर नट व डिस्क यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे दुरूनही लक्षात येते. नटाभोवती गंजाचे ओघळ, छिद्रालगत घासून चमकणारा धातू, चालताना येणारा टकटक आवाज किंवा चाकाचे डुलणे, यांपैकी काहीही आढळल्यास काम थांबवून चाक उतरवावे. वारंवार सैल होणारा नट केवळ पुन्हा आवळून उपयोग होत नाही. स्टड, नट व डिस्कचे छिद्र तपासून मूळ कारण दूर करावे लागते.

हवेचा दाब : बसविण्याचा आणि कामाचा

टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून आरंभी जास्त दाब दिला जातो. ट्रॅक्टरच्या मागील टायरसाठी हा दाब ३५ पीएसआयच्या पुढे नेऊ नये. तेवढ्या दाबातही कड बसली नाही, तर हवा सोडून कडेला योग्य वंगण लावावे व पुन्हा प्रयत्न करावा. हवा भरताना टायरच्या बाजूसमोर उभे राहू नये आणि लांब नळी वापरावी. कड व्यवस्थित बसली असेल, तर टायरच्या बाजूवरील गोल रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसते.

खरी चूक यानंतर घडते. कड बसविण्यासाठी दिलेला दाब तसाच ठेवून ट्रॅक्टर शेतात नेला जातो. भारतात प्रचलित असलेल्या मध्यम अश्वशक्तीच्या दुचाकीचलित ट्रॅक्टरमध्ये शेतकामासाठी मागील टायरचा दाब सर्वसाधारणपणे १२ ते १६ पीएसआयच्या आसपास असतो. पुढील टायरचा दाब याहून बराच जास्त असतो. नेमके आकडे टायरचा आकार, त्यावरील भार व काम यांनुसार माहितीपुस्तिकेतून घ्यावेत. मागील टायरमध्ये दुप्पट दाब राहिला, तर जमिनीवर टेकणारे क्षेत्र कमी होते, चाक घसरते, डिझेल वाया जाते आणि मातीचा वरचा थर अधिक दाबला जातो. दाब फार कमी असेल, तर टायरच्या बाजू सतत दुमडतात आणि टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह फाटू शकतो. टायर व रिम यांवर खडूने एकच रेघ ओढून ठेवल्यास हे सरकणे ओळखता येते.

दाब नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी मोजावा. सकाळी २५ अंश सेल्सिअस तापमानाला १४ पीएसआय असलेला दाब टायर ४५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे १६ पीएसआय होतो. दुपारी तापलेल्या टायरमधील हवा सोडून तो १४ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुमारे १२ असतो. मोठ्या गाड्यांसाठीच्या मापकावर १२ आणि १६ यांतील फरक वाचणेही कठीण असते, म्हणून मागील टायरसाठी कमी दाबाचा स्वतंत्र मापक बाळगावा. टायरमध्ये पाणी भरलेले असल्यास वॉल्व्ह वरच्या बाजूस आणून दाब मोजावा. वॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी, टोपी बसवावी आणि दुसऱ्या सकाळी दाब पुन्हा तपासावा.

फवारणीवर होणारा परिणाम

प्रति हेक्टर द्रावणाचे प्रमाण काढण्याचे सूत्र सोपे आहे. एका नोझलमधून मिनिटाला पडणारे लिटर गुणिले ६००, भागिले ताशी किलोमीटर वेग गुणिले नोझलमधील मीटर अंतर. नोझलचा प्रवाह ०.८ लिटर, अंतर ०.५ मीटर आणि वेग ताशी ४ किलोमीटर असल्यास प्रति हेक्टर २४० लिटर द्रावण पडते.

आता मागील दोन्ही झिजलेले टायर बदलून नवे बसविले, असे समजू. चाकाची त्रिज्या ५७ वरून ६० सेंटिमीटर झाली, तर त्याच गिअरमध्ये व इंजिनच्या त्याच फेऱ्यांना ट्रॅक्टर सुमारे ५ टक्के अधिक वेगाने धावतो. पूर्वी ५० मीटर अंतर ४५ सेकंदांत कापले जात असेल, तर आता सुमारे ४३ सेकंद लागतील. द्रावणाचे प्रमाण २४० वरून सुमारे २२९ लिटरवर येते. टाकीतील मिश्रण जुन्याच हिशोबाने केले, तर कीडनाशकाची मात्राही त्याच प्रमाणात घटते. नोझलची झीज, वाऱ्याचा झोत आणि चालकाच्या सवयी यांमुळे होणाऱ्या चुकांमध्ये ही आणखी एक भर पडते.

एकाच बाजूचा टायर बदलल्यास परिणाम अधिक ठळक असतो. दोन मागील चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असताना एका बाजूची उंची ३ सेंटिमीटरने वाढली, तर मध्यापासून ५ मीटर दूर असलेले बूमचे टोक जवळजवळ ११ सेंटिमीटर वर जाते आणि दुसरे तेवढेच खाली येते. पिकापासून ५० सेंटिमीटर उंचीवर धरलेला बूम एका टोकाला ६१, तर दुसऱ्या टोकाला ३९ सेंटिमीटरवर राहतो. उंच टोकाकडील तुषार वाऱ्याने भरकटतात. खालच्या टोकाकडे शेजारच्या नोझलचे पंखे कमी प्रमाणात एकमेकांवर येऊन फवारणी असमान होते. एका टायरमध्ये हवा कमी असली तरी हाच प्रकार घडतो.

हरभऱ्यावरील घाटेअळी किंवा मक्यावरील लष्करी अळी लहान अवस्थेत असतानाच तिचे नियंत्रण प्रभावी ठरते. आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यानंतर फवारणीसाठी मिळणारे दिवस मोजके असतात. कमी मात्रेच्या पट्ट्यांत वाचलेल्या अळ्या मोठ्या होतात, पुन्हा फवारणी करावी लागते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. तुटलेल्या स्टडमुळे ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर तेवढ्यात अळी पुढच्या अवस्थेत गेलेली असते.

म्हणून टायर बदलल्यानंतर, चाकांमधील अंतर बदलल्यानंतर किंवा हवेचा दाब बदलल्यानंतर फवारणी यंत्राचे मापन नव्याने करावे. शेतातच, टाकी अर्धी भरून, ५० मीटर अंतराला लागणारा वेळ मोजावा. ५० ला त्या सेकंदांनी भागून ३.६ ने गुणले की ताशी वेग मिळतो. बूमच्या दोन्ही टोकांची उंची मोजपट्टीने तपासावी. चारही चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढील व मागील टायरचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे निर्मात्याने सांगितलेल्या आकाराचेच टायर बसवावेत.

तपासणीची दिनचर्या

- बसविताना : पृष्ठभाग व आटे स्वच्छ, नट समोरासमोर व टप्प्याटप्प्याने आवळलेले, रंगाची रेघ ओढलेली.
- निघण्यापूर्वी : टायर बसविण्याचा दाब कमी करून कामाच्या दाबावर आणलेला, दोन्ही बाजूंचा दाब सारखा.
- थोडे अंतर चालविल्यावर आणि पहिल्या १० तासांच्या आत : नटांच्या दोन्ही संचांची पुनर्तपासणी.
- दुसऱ्या सकाळी : थंड टायरचा दाब व वॉल्व्हची गळती.
- पहिल्या फवारणीपूर्वी : वेग, द्रावणाचे प्रमाण व बूमची उंची.
- त्यानंतर : दर ५० तासांनी नट, दर आठवड्याला दाब.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणी यंत्राच्या मापनाचे प्रात्यक्षिक नोझलपासून नव्हे, तर चाकापासून सुरू करावे. टॉर्क पाना, कमी दाबाचा मापक, मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्या साहित्यात अर्ध्या तासात ही संपूर्ण तपासणी दाखविता येते. गावातील अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांमध्ये एकच ट्रॅक्टर अनेक शेतकऱ्यांकडे फिरत असतो. अशा ठिकाणी चाक केव्हा बसविले, नट केव्हा तपासले आणि दाब किती होता, याची नोंद असलेली एक वही ट्रॅक्टरसोबतच ठेवणे हिताचे ठरते. पुढील चालकाला त्या वहीवरून आपल्या चाकाची खरी स्थिती कळू शकेल.