आभाय गडगडून रायलं

मृगाच्या तोंडावर अकोल्याकडे ढग वाजू लागले, की घरातली आजी अंगणातून ओरडते, ‘आभाय गडगडून रायलं, गवऱ्या झाका वं!’ शाळेच्या पुस्तकात हेच ‘आभाळ गडगडत आहे’ असं होतं.

‘गडगडणे’ हे नादाची नक्कल करून घडलेलं क्रियापद. अशी क्रियापदं जगभर आहेत. डच माणूसही मांजराच्या म्यावचं क्रियापद करून ते तिन्ही काळांत चालवतो. आपली खोड वेगळी. आवाज दोनदा घ्यायचा आणि पुढे ‘णे’ जोडायचं. ही खोड जुनी आहे. ‘पटत्’ अशा आवाजाचं ‘पटपटायते’ कसं करायचं, याचे नियम पाणिनीनं अष्टाध्यायीत घालून दिलेत. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ साली दाखवलं, की असे दुहेरी शब्द संस्कृतकुळातल्या आणि द्राविडी भाषांत एकाच घाटाचे आहेत. वेदांत ते थोडे आहेत, पुढे वाढत गेले. म्हणजे ही शेजारधर्माची देवाणघेवाण.

चालवायला ही क्रियापदं गरीब. ‘जाणे’चं ‘गेला’ होतं, तसला तऱ्हेवाईकपणा इथे नाही. गडगडलं, गडगडेल, नाम हवं तर गडगडाट.

खरी मौज वऱ्हाडीत आहे. इथे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. मग पूर्णेचं पाणीही ‘खयखय’ वाहतं. ‘खळखळ’ ही पाण्याची हुबेहूब नक्कल असती, तर ती या फेऱ्यातून सुटायला हवी होती. सुटली नाही. नक्कल एकदा भाषेत शिरली की तीही साधा शब्द होते, आणि उच्चाराचे नियम तिला इतरांसारखेच लागू होतात. ‘गडगड’ वाचली, कारण तिच्यात ‘ळ’च नाही.

शिवाय सगळ्याच नकला आवाजाच्या नसतात. लखलखणं दिसतं, हुळहुळणं अंगाला जाणवतं. पोटातली मळमळ कुणी ऐकलेली नाही, तरी साचा तोच. अमरावतीच्या दवाखान्यात पेशंट सांगतो, ‘छातीत जयजय होते, मयमयून रायलं.’ बाहेरगावच्या नव्या डॉक्टरला हा कुणाचा जयजयकार, असं वाटलं तर नवल नाही. पण दुखण्याची इतकी बारीक वर्गवारी त्याला फुकटात मिळते: पिकलेला फोड ठसठसतो, खरचटलेलं चुरचुरतं आणि किडकी दाढ ठणकते.