खानसाहेब, डॉक्टर

खानसाहेब, डॉक्टर : (सु. १८८३–९ मे १९५८). वायव्य सरहद्द प्रांताचे (सध्याचा खैबर पख्तुनख्वा) मुख्यमंत्री व पुढे पश्चिम पाकिस्तान या एकत्रित प्रांताचे पहिले मुख्यमंत्री. मूळ नाव खान अब्दुल जब्बारखान. पेशावरनजीकच्या उतमानझई गावी सधन जमीनदार पठाण कुटुंबात जन्म. सरहद्द गांधी म्हणून प्रसिद्ध असलेले खान अब्दुल गफारखान हे त्यांचे धाकटे बंधू. पेशावर येथे शालेय शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व नंतर लंडन येथे वैद्यकाचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धकाळात ते फ्रान्समध्ये होते. वझीरिस्तानातील पठाण टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत जाण्याचे नाकारून १९२१ मध्ये त्यांनी लष्करी वैद्यकीय सेवेचा राजीनामा दिला.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उभय बंधूंना कारावास घडला. १९३४ मध्ये सुटकेनंतर त्यांना सरहद्द व पंजाब प्रांतांत प्रवेशबंदी करण्यात आल्याने काही काळ ते वर्धा येथे म. गांधींच्या सहवासात राहिले. गफारखानांचा ओढा लोकसेवेकडे, तर खानसाहेबांचा विधिमंडळाच्या राजकारणाकडे होता. १९३७ च्या निवडणुकीत प्रांतिक विधिमंडळाच्या ५० जागांपैकी १९ काँग्रेसला मिळाल्या. साहिबजादा अब्दुल कय्यूम यांच्या मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव संमत होऊन सप्टेंबर १९३७ मध्ये खानसाहेब मुख्यमंत्री झाले. महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्ये त्यांनी पदत्याग केला. १९४५ मध्ये ते पुन्हा अधिकारावर आले. १९४६ मध्ये काँग्रेसने ३० जागा जिंकल्या. मुस्लिम बहुसंख्य प्रांतातील हा निर्णय मुस्लिम लीगच्या दाव्याला छेद देणारा होता.

फाळणीच्या योजनेनुसार जुलै १९४७ मध्ये या प्रांतात सार्वमत घेण्यात आले. स्वतंत्र पख्तुनिस्तानचा पर्याय न ठेवल्यामुळे खुदाई खिदमतगारांनी त्यावर बहिष्कार टाकला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ व भारताच्या बाजूने २,८७४ मते पडली. विधिमंडळातील बहुमत मात्र खानसाहेबांकडेच होते. तरीही २२ ऑगस्ट १९४७ रोजी जिनांच्या आदेशावरून गव्हर्नर कनिंगहॅम यांनी त्यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ केले. विधिमंडळात बहुमताची कसोटी न लावता केंद्राने प्रांतिक सरकार दूर सारण्याचा पाकिस्तानातील हा पहिला प्रसंग होय. पुढे अशा प्रसंगांची पुनरावृत्ती झाली.

काही काळ स्थानबद्धतेत काढल्यानंतर १९५४ मध्ये ते केंद्रीय मंत्रिमंडळात आले. लोकसंख्येने मोठ्या असलेल्या पूर्व बंगालशी समतोल साधण्यासाठी पश्चिमेकडील प्रांत १४ ऑक्टोबर १९५५ रोजी एकत्र करण्यात आले. या योजनेत सरहद्द प्रांताचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. ज्यांचे मंत्रिमंडळ केंद्राने बडतर्फ केले होते, त्याच खानसाहेबांकडे या प्रांताचे नेतृत्व सोपविण्यात आले. मुस्लिम लीगने विरोध करताच इस्कंदर मिर्झा यांच्या पाठिंब्याने त्यांनी १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन केला. गफारखानांनी एकत्रीकरणास कडवा विरोध केल्याने दोन्ही बंधूंचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९५७ मध्ये खानसाहेबांचे मुख्यमंत्रिपद संपुष्टात आले. लाहोर येथे, नोकरीतून काढलेल्या एका महसूल कर्मचाऱ्याने सुऱ्याचे वार करून त्यांचा खून केला.

साधी राहणी व धार्मिक सहिष्णुता यांबद्दल विरोधकांनाही त्यांच्याविषयी आदर होता. तथापि प्रांताच्या हक्कांसाठी झगडलेल्या या नेत्याच्या हातूनच प्रांतांच्या विलीनीकरणाचा कारभार व्हावा, ही त्यांच्या राजकीय जीवनातील ठळक विसंगती होय. ती एकत्रित व्यवस्था १ जुलै १९७० रोजी मोडीत निघाली.