क्षमेच्या आधी माहिती

परराष्ट्र मंत्रालयाला संसदेत वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न असा आहे की, सरकारे बदलली, विचारणारे सदस्य बदलले, उत्तर देणारे राज्यमंत्रीही बदलले. उत्तराचा आशय मात्र फारसा बदलला नाही. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले किती भारतीय जवान व अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यात आहेत, हा तो प्रश्न. एप्रिल १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी अशा चाळीस जणांची नावे लोकसभेपुढे ठेवली. पुढे हा आकडा ५४ झाला. २०१९ मध्ये संसदेला सांगण्यात आले की, बेपत्ता सैनिकांची संख्या ८३ असून त्यांत ५४ युद्धबंदी आहेत, आणि पाकिस्तान आपल्याकडे असे कोणी असल्याचे मान्य करीत नाही. उत्तर पटलावर येते, पुढचा प्रश्न पुकारला जातो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सलोख्याची चर्चा बहुधा शिखर परिषदा, क्रिकेट आणि वाघा सीमेवरच्या मेणबत्त्या यांच्याभोवती फिरते. युद्धात ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनी समोरच्या देशातील माणसाला क्षमा केल्याच्या घटना थोड्या आहेत आणि त्या एखाद्या उत्सवी बातमीपुरत्या आठवल्या जातात. क्षमा करणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर सगळा भर दिला जातो. पण त्यांपैकी दोन घटना जरा नीट तपासल्या, तर निराळीच बाब पुढे येते. क्षमेच्या आधी कोणीतरी काय घडले ते सांगितले होते. ते सांगण्याचे काम दोन्ही वेळा सरकारने केले नाही.

पहिली घटना १९६५ ची. युद्धविरामाला जेमतेम चार दिवस उरले असताना, १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता मिठापूरहून कच्छच्या सीमाभागाकडे निघाले होते. महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना मेहतांची ओळख वेगळी करून द्यायला नको. त्यांच्या समितीच्या १९५७ च्या अहवालातून पंचायत राज उभे राहिले आणि त्याच वाटेने पुढे जाऊन वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आपल्याकडे १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला. मुख्यमंत्र्यांचे ते लहान बीचक्राफ्ट विमान सुथरी गावाजवळ पाकिस्तानी हवाई दलाच्या सेबर विमानाने पाडले. मेहता, त्यांच्या पत्नी सरोजबेन, कर्मचारी, एक पत्रकार आणि विमानाचे चालक असे आठही जण मृत्युमुखी पडले. विमान चालवीत होते जहांगीर इंजिनिअर. आदल्या वर्षीपर्यंत हवाई दलप्रमुख असलेले एअर मार्शल अस्पी इंजिनिअर यांचे ते बंधू.

सेबर चालविणारे तरुण फ्लाइंग ऑफिसर कैस हुसेन यांनी ४६ वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, जहांगीर यांच्या कन्येचा पत्ता भारतातील परिचितांमार्फत शोधला आणि तिला ई-मेल पाठविला. त्यांना लिहावेसे वाटले त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. पाकिस्तानी हवाई दलाचे निवृत्त अधिकारी व लष्करी इतिहासकार कैसर तुफैल यांचा त्या घटनेवरील लेख त्याच वर्षी त्यांच्या वाचनात आला होता. आपल्या पत्रात हुसेन यांनी त्या दिवसाची हकिकत क्रमाने लिहिली. समोरच्या विमानाने पंख हलवून दया मागितल्याचे त्यांनी पाहिले होते. विमान नागरी असल्याचे त्यांनी जमिनीवरील नियंत्रकाला कळविले, थोडा वेळ वाट पाहिली आणि पाडण्याचा हुकूम आल्यावर गोळीबार केला. विमानात कोण होते, हे त्यांना त्या संध्याकाळी आकाशवाणीच्या बातमीतून समजले. आपण हुकमाची अंमलबजावणी केली, हे त्यांनी नाकारले नाही. गेलेल्या आठ जिवांबद्दल आणि त्यांच्या कुटुंबीयांबद्दल दुःख मात्र व्यक्त केले.

कन्येचे उत्तर काही दिवसांतच गेले. या एका घटनेने आपल्या कुटुंबाचे आयुष्य बदलून टाकले, तरी मनात कधी कडवटपणा ठेवला नाही, आपली आईही क्षमाशील होती आणि हुसेन हे युद्धाच्या पटावरील एक प्यादे होते, असे तिने लिहिले. वृत्तपत्रांनी ही दोन्ही पत्रे छापली आणि दोन्ही देशांत त्यांची वाहवा झाली. ते योग्यच होते. परंतु त्या विमानातील इतर सात जणांच्या वतीने ही क्षमा दिली गेली, असा अर्थ कोणी काढू नये. कन्येने आपल्यापुरते उत्तर दिले. दुसऱ्याच्या दुःखावर सह्या करण्याची आपल्याकडची राजकीय सवय येथे उपयोगाची नाही.

दुसरी घटना लष्करी वर्तुळात अधिक परिचित आहे आणि तिचा धागा पुण्याशी जुळलेला आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स; खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील संचलनाच्या मैदानाला आज त्यांचे नाव आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी, ज्या दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी, शकरगढ क्षेत्रात बसंतर नदीजवळच्या रणगाडायुद्धात जळता रणगाडा सोडण्याचा हुकूम न मानता ते लढत राहिले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल हे फाळणीपूर्वीच्या सरगोध्याचे. ८१ व्या वर्षी, २००१ मध्ये, ते आपले जन्मगाव पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहंमद नासेर यांनी त्यांचा पाहुणचार केला. जितके दिवस ते तेथे होते, तितके दिवस त्या घराने त्यांची वडीलधाऱ्यासारखी सेवा केली. परतण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले की, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यांचे नेतृत्व आपण करीत होतो आणि आपला मुलगा माझ्या हातून मारला गेला. नासेर यांनी मुलाच्या शौर्याची साक्ष दिली. वडील स्वतः सैनिक होते. यजमानाने आपले कर्तव्य केले, हे त्यांनी मान्य केले आणि दोघे सन्मानाने वेगळे झाले. पुढे या भेटीविषयी पुष्कळ लिहिले गेले, चित्रपटही आला. लेखनात भावनेचा पूर ओसंडून गेला आहे. प्रस्तुत लेखकाला त्यात अधिक मोलाची वाटते ती साक्ष. मुलाचा शेवट कसा झाला, हे वडिलांना भारतीय लष्कराच्या सन्मानपत्रातून आधीच ठाऊक होते. उरलेला अर्धा भाग फक्त समोरच्या माणसाजवळ होता.

या दोन्ही कुटुंबांजवळ मृत्यूची निश्चिती होती, हे विसरून चालणार नाही. आता त्यांच्या शेजारी तिसरे कुटुंब ठेवून पाहा. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात पाकिस्तानवरील मोहिमेत बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात त्यांची बरीच वर्षे गेली, त्यामुळे दिल्लीतील मराठी मंडळींना त्या अपरिचित नाहीत. त्या महिन्यात पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले होते, आणि तेवढ्या धाग्यावर कुटुंबाने पुढची दशके काढली. भारताने ९३ हजार युद्धबंदी परत केले. शेवटची तुकडी १९७४ मध्ये गेली. त्या व्यवहारात या चौपन्न जणांचा निर्णायक जाब का मागितला गेला नाही, याचे समाधानकारक उत्तर एकाही सरकारने दिलेले नाही. जून २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे एक पथक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हाताने परतले. या पत्नीने कोणाला आणि कशासाठी क्षमा करावयाची? तिच्यापुढे कैस हुसेन नाहीत, ब्रिगेडियर नासेर नाहीत. फक्त एक नकारार्थी उत्तर आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात या गरजेला नाव आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त मसुद्याच्या ३२ व्या कलमात, आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबांचा हक्क नोंदलेला आहे. भारताने या मसुद्यावर सही केलेली नाही. पाकिस्तानने सही केली, पण अनुसमर्थन दिले नाही. या एका बाबतीत दोन्ही राजधान्यांचे चांगले जमते.

सीमावाद सुटल्याखेरीज असे काही शक्य नाही, असे साउथ ब्लॉकमध्ये ऐकायला मिळे. फॉकलंड बेटांचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. १९८२ च्या युद्धानंतर तेथील अर्जेंटिनी सैनिकांचे मृतदेह एकत्र करून पुरण्याचे काम जेफ्री कार्डोझो या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९८३ मध्ये केले आणि प्रत्येकाची बारकाईने नोंद ठेवली. बेटांच्या मालकीचा वाद जसाच्या तसा असताना, डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही देशांनी अनोळखी थडग्यांतील सैनिकांची ओळख पटविण्याचे काम रेडक्रॉसकडे सोपविले. २०१७ मध्ये थडगी उघडली, डीएनए तपासणी झाली आणि त्या वर्षअखेर ८८ जणांची नावे निश्चित झाली. मार्च २०१८ मध्ये कुटुंबीय बेटावर गेले तेव्हा दगडांवर नावे होती. कोणीही आपला दावा सोडला नव्हता.

आपल्याकडे यासाठी लागणारी सामग्री अगदीच नाही, असे नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांत खुली करण्याचे धोरण मंजूर केले. त्या हिशेबाने १९७१ चे दप्तर खुले व्हायला कोणतीच अडचण नाही. दोन्ही बाजूंच्या हवाई दलांच्या मोहीम-नोंदी एकमेकांशेजारी ठेवल्या, तर निदान काही नावांपुढे एक तारीख आणि एक जागा लिहिता येईल. आज मात्र पत्र पाठवणेही अवघड झाले आहे. पासष्टीपुढील प्रवाशांना अटारीवर व्हिसा देण्याची २०१२ च्या करारातील तरतूद जानेवारी २०१३ मध्ये, ती अमलात येण्याच्या दिवशीच, स्थगित झाली. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचा मार्ग बंद झाला, व्हिसा रद्द झाले आणि मे महिन्यात दोन्ही देश चार दिवस लढले. दहशतवादाला उत्तर देणे हे सरकारचे काम आहे आणि त्याबद्दल वाद नाही. पण १९७१ मध्ये विशीत असलेला वैमानिक आज सत्तरीच्या पुढे आहे, आणि त्याला जे ठाऊक आहे ते त्याच्याबरोबर जाणार आहे.

एक व्यवहार मात्र त्या मे महिन्यानंतरही खंडित झाला नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या कैदेतील नागरिक व मच्छीमारांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ रोजीही त्या दिल्या गेल्या. पाकिस्तानकडून येणाऱ्या यादीत १९७१ चे एकही नाव नसते. ते मागण्यासाठी भारताच्या बाजूने स्वतंत्र रकाना ठेवण्यास त्या करारात कोणतीही मनाई नाही.