काळी बुट्टी हिरवट दिसते, दोष कोणाचा?

कापडाच्या धंद्यात पैसा अडकण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक जुने कारण म्हणजे रंगाची तक्रार. पार्टीने लाल जमिनीवर काळी बुट्टी मागितली, छपाईवाल्याने ती छापून दिली. माल गादीवर उघडला आणि पार्टी म्हणाली, "हा काळा नाही, हिरवट मारतो." मग बिलातून रक्कम कापली जाते. छपाईवाला रंगाऱ्यावर घसरतो, रंगारी रंगाच्या दुकानदारावर, आणि शेवटी ज्याला बोलायला जागा नाही त्या कारागिराची मजुरी कापली जाते. गंमत अशी की, या भांडणात कित्येकदा कोणीच खोटे बोलत नसते. रंग खरोखर काळा असतो आणि पार्टीला तो खरोखरच हिरवट दिसत असतो.

नेमक्या याच तक्रारीचा छडा सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लागला. तेथे गोबलँ नावाचा सरकारी कारखाना आहे. भिंतीवर लावायचे चित्रांचे मोठमोठे विणलेले पडदे तेथे तयार होतात. 1824 साली या कारखान्याच्या रंगखात्यावर मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. चरबी आणि साबण यांवरील संशोधनामुळे त्याचे नाव आधीच झाले होते. विणकरांचे गाऱ्हाणे असे होते की, निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखवण्यासाठी जी काळी लोकर दिली जाते तिच्यात जोर नाही, ती फिकी वाटते. शेव्रलने बाहेरच्या नामांकित कारखान्यांतून काळ्या लोकरीचे नमुने मागवले आणि आपल्या लोकरीशी ताडून पाहिले. रंगात काही खोट सापडली नाही. खोट होती शेजारात. काळ्या धाग्याला निळा धागा लागला की काळा बिघडल्यासारखा दिसत होता.

यावर त्याने अनेक वर्षे प्रयोग केले आणि 1839 साली मोठा ग्रंथ छापला. त्याचे सार थोडक्यात सांगता येते. दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. फिका अधिक फिका दिसतो, गडद अधिक गडद. शिवाय प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. लालचा विरोधी हिरवा, निळ्याचा नारिंगी, जांभळ्याचा हिरवट पिवळा. म्हणून लालवरचा काळा हिरवट, निळ्यावरचा काळा तांबूस आणि जांभळ्यावरचा काळा हिरवट पिवळा भासतो.

आपल्या छपाईवाल्यांनी लक्षात ठेवावा असा एक किस्सा त्याच ग्रंथात आहे. काही व्यापाऱ्यांनी लाल, जांभळे आणि निळे कापड काळी नक्षी छापण्यासाठी दिले होते. माल परत आल्यावर त्यांनी ओरड केली की, काळ्याऐवजी भलताच रंग लावला आहे. शेव्रलने वाद घातला नाही. त्याने पांढरा कागद नक्षीच्या आकारात कापून कापडावर असा ठेवला की जमीन पूर्ण झाकली जाऊन फक्त नक्षी दिसावी. नक्षी काळी ती काळीच निघाली. हा प्रयोग करायला रुपयाही लागत नाही. जाड पांढऱ्या कागदाला बुट्टीएवढे छिद्र पाडा आणि तो पार्टीसमोर कापडावर ठेवा. छिद्रातूनही रंग हिरवट दिसला तर चूक रंगाऱ्याची. काळा दिसला तर मजुरी कापण्याचे कारण उरत नाही.

अर्थात पार्टीची समजूत पटली म्हणून गिऱ्हाईकाची पटेल असे नाही. दुकानात कोणी कागद घेऊन येत नाही. त्यामुळे जाणता रंगारी काळ्यातच जमिनीच्या रंगाची किंचित झाक मिसळतो. लाल जमिनीसाठी तांबूस काळा, निळ्या जमिनीसाठी निळसर काळा. वेगळा पाहिला तर हा रंग काळा वाटणार नाही, पण जागेवर बसला की काळा दिसतो. कच्छच्या खत्री कारागिरांचा अजरख पाहा. त्यात लाल, निळा आणि काळा यांच्यामध्ये चुना व डिंक यांच्या छापाने राखलेली पांढरी रेघ असते. त्या रेघेने नक्षी तर उठतेच, शिवाय दोन रंगांमध्ये अंतर पडून प्रत्येक रंग स्वच्छ राहतो. ही विद्या हातातून हातात आली आहे.

गादीवर बसणाऱ्यांसाठीही शेव्रलने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. गिऱ्हाईकाला एकामागून एक लाल कापडाचे चौदा तागे दाखवले तर शेवटचे सहा-सात त्याला पहिल्यांपेक्षा मळकट वाटतात, जरी सगळे तागे एकाच लॉटचे असले तरी. डोळा लालला थकतो. उपाय असा की, मध्येच हिरव्या कापडाचे एक-दोन तागे उघडावेत. डोळा सावरतो आणि पुढचा लाल पुन्हा ताजा दिसतो. मागणी नसताना हिरवे कापड पसरणाऱ्या सेल्समनला मालक रागावत असतील तर त्यांनी जरा थांबावे. तो कदाचित लालच विकत असेल!

पॅरिसच्या आधी आठशे वर्षे बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात हा विषय हाताळला होता. तोच रंग वेगवेगळ्या जमिनीवर वेगळा दिसतो, मद्यासारखे गडद रंग अंधाऱ्या जागी काळे भासतात आणि भरपूर उजेडात उजळतात, हे त्याने नोंदवले आहे. वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढलेला भोवरा फिरवला की सगळे मिळून एकच रंग दिसतो, हेही त्याने सांगितले. विणकरांना यात नवे काही वाटणार नाही. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घातला की दुरून तिसराच रंग दिसतो, आणि पदर हलला की तो बदलतो. धूपछाँव म्हणतात ते हेच. युरोपात जॉर्ज सरा या चित्रकाराने 1884 ते 1886 या काळात ठिपक्या-ठिपक्यांचे एक प्रचंड चित्र रंगवले आणि त्याचे फार कौतुक झाले. त्यामागे शेव्रलचा अभ्यास होता. मागावर मात्र हे काम त्याआधी कित्येक पिढ्या चालू होते.

आता उजेडाविषयी, कारण आज जास्तीत जास्त नुकसान येथेच होते. दोन कापडे ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात नेली की वेगळी दिसतात. दोन्ही ठिकाणी वापरलेली रसायने निराळी असली की असे घडते. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस विकणाऱ्यांना हा अनुभव रोजचाच आहे. गिऱ्हाईक दाराबाहेर जाऊन कापड पाहते ते उगीच नव्हे. बल्बचा उजेड पिवळा असतो. त्यात निळे रंग मरतात आणि लाल-नारिंगी खुलतात. एलईडी दिव्यांचेही सर्व प्रकार सारखे नसतात. मोठ्या प्रोसेस हाउसमध्ये यासाठी एक पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडाचा डी-65 नावाचा दिवा, दुकानी उजेडाचा टीएल-84 आणि पिवळा बल्ब असे दिवे असतात आणि नमुना प्रत्येकाखाली पाहिला जातो. ज्याला पेटी परवडत नाही त्याने उत्तरेकडच्या खिडकीपाशी दुपारच्या सुमारास नमुना पाहावा, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. भिंत पांढरी किंवा राखाडी असावी, हिरवी नको.

ऑर्डर घेताना नमुन्याच्या चिठ्ठीवर दोन ओळी जादा लिहून घ्याव्यात: नमुना कोणत्या उजेडात मंजूर झाला, आणि तो कोणत्या रंगाच्या जमिनीवर जाणार आहे. खाली दोघांच्या सह्या. एक तुकडा पार्टीकडे, एक रंगाऱ्याकडे. आणि धागे निवडायला बसवलेल्या मुलाचे डोळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, तो जन्मजात असतो, आणि ज्याला आहे त्याला स्वतःलाही अनेकदा माहीत नसतो.