जखडलेला खांदा

शरीरातल्या सगळ्या सांध्यांत खांद्याइतकी मोकळीक दुसऱ्या कुणाला नाही. म्हणूनच तो आखडला, की माणूस चक्रावतो. माझा उजवा खांदा बँकेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी जखडला. आधी रात्रीची ठणक, त्या कुशीवर वळलं की झोप संपलीच. मग हात मागे जाईना. अंबाडा घालायचा तर सुनेला हाक मारावी लागे.

या दुखण्याची पंचाईत अशी, की ते दिसत नाही. सूज नाही, प्लास्टर नाही, एक्स-रे बहुधा स्वच्छ. त्यामुळे बाईच्या बाबतीत ‘कामाचा कंटाळा’ हे निदान घरातच आधी होतं!

‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. सांध्याभोवतीचं पिशवीसारखं आवरण जाड होतं, आकसतं. दुसऱ्यानं हात उचलून पाहिला तरी तो वर जात नाही, ही त्याची खूण. आधी वेदना, मग ताठरपणा, मग सावकाश सुटका. या साऱ्यात वर्ष ते तीन वर्षंही जातात. चाळिशी ते साठीत हे अधिक गाठतं, बायकांना जास्त आणि मधुमेह्यांना तर फारच. म्हणून माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत साखर तपासायला सांगितली. ती वाढलेली निघाली. खांदा दुखला नसता, तर ते कधी कळलं असतं कोण जाणे.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की शेजारपाजार दचकतो, पण दुखऱ्या काळात त्यानं आराम पडतो. मधुमेह्याची साखर मात्र काही दिवस चढते, ती सांभाळायची. पुढे रोज भिंतीवर बोटांनी चढणं आणि हात लंबकासारखा झुलवणं. हिसडा देऊन खांदा ‘मोकळा’ करून देणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. डॉक्टर भूल देऊन खांदा हलवतात किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवतात, ती गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर या दोन्ही उपायांची इंजेक्शनसह व्यायामाशी तुलना झाली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : वर्षभरानंतर कुठलाच उपाय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी हेच ऐकवत असे.

हात सुटायला अठरा महिने लागले. दरम्यान मुलालाही रक्त तपासायला धाडलं. त्याचे दोन्ही खांदे उत्तम आहेत, म्हणून तो कुरकुरत गेला.