न खणता वाचलेली जमीन

उत्खननाने इतिहास उजेडात येतो. परंतु त्याच उत्खननाने जमिनीतील त्याची मूळ मांडणी कायमची मोडते. एकदा खणलेला थर पुन्हा लावता येत नाही. म्हणून कुदळ चालविण्यापूर्वीच पोटातील अवशेषांचा माग काढण्याच्या पद्धती पुरातत्त्वज्ञांनी शोधल्या. १९४६ साली इंग्लंडमध्ये टेम्सकाठच्या डॉर्चेस्टर येथे रिचर्ड ॲटकिन्सन यांनी जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून बुजलेले चर हुडकले. पुढे १९५८ साली ऑक्सफर्डचे मार्टिन एटकन यांनी पीटरबरोजवळील वॉटर न्यूटन येथे, जी रोमन वसाहत नव्या रस्त्याखाली जाऊ पाहत होती तेथे, चुंबकत्वमापकाने कुंभाराची भट्टी शोधून काढली.

भट्टी सापडते याचे कारण असे की, मातीतील लोहखनिजे खूप तापून निवली म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची खूण धरून ठेवतात. चराचे कारण निराळे आहे. वस्तीच्या जागेवरील वरची माती अधिक चुंबकशील असते आणि चर बहुधा तिनेच भरलेला असतो. हा फरक मात्र अत्यंत सूक्ष्म होय. इंग्लंडात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४८,००० नॅनोटेस्ला असते, तर चराचा परिणाम पुष्कळदा ५ नॅनोटेस्लाही भरत नाही. यासाठी आजच्या उपकरणांत एकावर एक असे दोन संवेदक बसवितात व त्यांच्या वाचनांतील फरकच तेवढा नोंदवितात.

२० मीटर बाजूचा चौरस आखून, एकेक मीटरवरच्या ओळींनी चालत, दर पाव मीटरला नोंद घेतली तर एका चौरसाचे १,६०० आकडे होतात. दहा चौरसांचे १६,०००. हे आकडे तसेच चित्ररूपाने मांडले तर त्यांत पट्टे दिसतात, कारण उपकरण तापले किंवा त्याचे तोंड फिरले की सबंध ओळ वर किंवा खाली सरकते. ये-जा करणाऱ्याच्या पावलांत थोडे अंतर पडले, तर सरळ चर करवतीच्या दातांसारखा दिसतो. हे दोष काढण्याचे काम संगणक करतो.

पट्टे घालविण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीची सरासरी त्या ओळीतून वजा करणे. उपाय सोपा, पण धोक्याचा. समजा, ८० नोंदींच्या ओळीत शेतकऱ्याच्या नांगराचा एखादा खिळा पडला आहे व त्याची नोंद ३२० नॅनोटेस्ला आली. तेवढ्या एका नोंदीने सरासरी ४ नॅनोटेस्लाने चढते. ती वजा करताच उरलेली ओळ तितकीच खाली जाते, आणि चर असावा तेथे चर दिसेनासा होतो. सरासरीऐवजी मध्यक घेतला तर ही आपत्ती टळते. दुसरी आपत्ती मात्र मध्यकानेही टळत नाही. भिंत किंवा चर चालण्याच्या ओळीला समांतर असेल, तर दोष म्हणून तोच पुसला जातो!

म्हणून संगणकाची आज्ञावली नेमके काय करते हे कळणे अगत्याचे आहे. बंदिस्त आज्ञावलीत सरासरी घेतली की मध्यक, हे पुष्कळदा समजत नाही. मुक्त आज्ञावलीत मूळ सूचना वाचता येतात, बदलता येतात व बदललेली प्रत दुसऱ्यास देता येते. फुकट आणि मुक्त यांतील हा भेद ध्यानात ठेवावा. फुकट मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त असतेच असे नाही. गॅरी शर्मन यांनी २००२ साली आरंभिलेली क्यूजीआयएस ही नकाशांची आज्ञावली मुक्त आहे. १९८२ पासून अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत घडलेली ग्रास ही १९९९ पासून मुक्त परवान्याखाली मिळते. दोन्हींत आकड्यांचे चित्र करून ते जुन्या नकाशावर बसविता येते. मध्यक वजा करण्याचे काम पायथॉन भाषेत दोन-चार ओळींत होते. ब्रिटनमधील स्वयंसेवी इतिहासमंडळांना, ज्यांच्यापाशी पैसा बेताचाच असतो, ही सोय विशेष उपयोगी पडते.

संस्करण कोणतेही असो, मूळ आकडे साध्या मजकुराच्या स्वरूपात, चालण्याची दिशा व अंतरे यांसह वेगळे जपून ठेवावे लागतात. रस्ता होऊन शेत नाहीसे झाले, तरी त्या आकड्यांवरून पुसलेला चर पुन्हा काढून पाहता येतो.