कुमाऊँचे सण, पनवेलची घरे

जुलैच्या मध्यावर, मराठी पंचांगात आषाढ चालू असताना, खारघर, कामोठे, कळंबोली या परिसरातील काही घरांमध्ये श्रावणाचा पहिला दिवस साजरा होतो. ही घरे उत्तराखंडातून, विशेषतः कुमाऊँतून, नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झालेल्यांची असतात. सणाचे नाव हरेला. पंचांगातील हा फरक चुकीमुळे नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येनंतर सुरू होतो. कुमाऊँच्या लोकजीवनात तो सूर्याच्या संक्रांतीपासून मोजला जातो. सूर्याने कर्क राशीत प्रवेश केला की तेथे श्रावण लागतो. त्यामुळे हरेला दरवर्षी १६ जुलैच्या आसपास येतो आणि मराठी शेजाऱ्यांना हा 'अवेळी' आलेला श्रावण नवलाचा वाटतो.

कुमाऊँ म्हणजे उत्तराखंडाचा पूर्वेकडील भाग. अल्मोडा, नैनिताल, पिथौरागड, बागेश्वर, चंपावत आणि उधमसिंगनगर हे सहा जिल्हे त्यात मोडतात. पश्चिमेकडील भागास गढवाल म्हणतात. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तर प्रदेशातून वेगळे झालेले हे राज्य आधी उत्तरांचल या नावाने ओळखले जाई. २००७ मध्ये त्याचे नाव उत्तराखंड झाले. नवी मुंबईत वाशी येथे या राज्याचे भवन आहे, आणि 'कौथिग' म्हणजे जत्रा, या नावाने उत्तराखंडी समाजाचे मेळावेही या परिसरात भरत आले आहेत.

हरेल्याचा विधी मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण तो त्याच्या घरात नवरात्रात होतच असतो. सणाच्या नऊ-दहा दिवस आधी लहान टोपलीत किंवा द्रोणात माती भरून गहू, जव, मका, उडीद, मोहरी अशी पाच किंवा सात धान्ये पेरतात. टोपली उन्हापासून दूर, देवघरात ठेवतात. उजेड न मिळाल्याने अंकुर पिवळसर होतात. सणाच्या दिवशी ते कापून आधी देवाला वाहतात आणि मग घरातील वडीलधारी व्यक्ती ते प्रत्येकाच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना स्पर्शून शेवटी मस्तकावर ठेवते. त्या वेळी दिल्या जाणाऱ्या आशीर्वादात दीर्घायुष्य, पृथ्वीसारखा विस्तार, आकाशासारखी उंची आणि सिंहासारखे बळ मागितलेले असते. आपल्याकडे घटाचे धान दसऱ्याला टोपीत किंवा केसांत खोवतात, त्यामागील भावनाही हीच. पेरणीच्या हंगामात बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याचा व्यावहारिक हेतूही अशा प्रथांच्या मुळाशी असावा, असे मानले जाते.

या सणाची एक रीत स्थलांतरितांसाठी फार महत्त्वाची आहे. जो घरी येऊ शकत नाही, त्याला हरेल्याचे चार अंकुर पाकिटात घालून टपालाने पाठविले जात. पर्वतीय भागातून सैन्यात किंवा मैदानी शहरांत गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांना हे पाकीट म्हणजे घरचा हात मस्तकावर पडल्यासारखे होते.

कुमाऊँचे इतर सणही बहुधा संक्रांतीला बांधलेले आहेत. चैत्र संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्यावर, फूलदेई असते. लहान मुले सकाळी घरोघर जाऊन उंबरठ्यावर रानफुले वाहतात आणि त्या घराच्या भरभराटीची इच्छा बोलून दाखवतात. बदल्यात त्यांना तांदूळ, गूळ, पैसे मिळतात. आश्विन संक्रांतीला, सप्टेंबरच्या मध्यावर, खतडुवा हा गुराढोरांचा सण येतो. आपल्या पोळा-बेंदराचाच तो नातलग म्हणावा. मकर संक्रांतीला घुघुतिया. गुळाच्या पाण्यात भिजविलेल्या कणकेचे निरनिराळ्या आकारांचे 'घुघुते' तळून त्यांची माळ मुलांच्या गळ्यात घालतात आणि मुले कावळ्यांना हाका मारून तो खाऊ देतात. त्याच सुमारास महाराष्ट्रात तान्ह्या मुलांना हलव्याचे दागिने घातले जातात, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

ऐपण ही कुमाऊँची रेखाकला. गेरूने सारवलेल्या तांबड्या भूमीवर भिजवून वाटलेल्या तांदळाच्या पांढऱ्या पिठीने बोटांनी रेषा ओढायच्या, अशी तिची पद्धत. उंबरठा, देवघर, लग्नाचा चौक यांसाठी वेगवेगळ्या आकृती ठरलेल्या आहेत. गेरू आणि तांदळाची पिठी ही वारली चित्रांचीही सामग्री आहे, त्यामुळे ठाणे-पालघरची ओळख असणाऱ्याला ऐपण परके वाटत नाही. २०२१ मध्ये ऐपणाला भौगोलिक मानांकन मिळाले. सदनिकेच्या फरशीवर गेरू लावणे सोयीचे नसल्याने आता लाल-पांढऱ्या रंगांनी किंवा तयार चिकटपट्टीने ही हौस भागविली जाते.

आहारातही कोकण आणि कुमाऊँ यांचे नाते जुळते. तिकडचा मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत आणि पावसाच्या भरवशावर जे पिकते, तेच दोन्हीकडच्या ताटात आले.

हे नाते एका कुलपरंपरेतही सांगितले जाते. कुमाऊँतील पंत घराण्यांत असे मानले जाते की त्यांचे मूळ पुरुष काही शतकांपूर्वी कोकणातून तेथे गेले. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी १८८७ मध्ये जन्मलेले गोविंद वल्लभ पंत याच परंपरेतील. उत्तर प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री आणि १९५७ चे भारतरत्न म्हणून ते ओळखले जातात. पण १९५५ पासून १९६१ मधील निधनापर्यंत ते केंद्रीय गृहमंत्री होते, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा निर्णायक टप्पा त्यांच्याच कारकीर्दीत झाला, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथपर्यंत ज्या प्रथांचा उल्लेख आला, त्या ट्रंकेतून नेता येतात. मूठभर धान्य, कणीक, रंग एवढे जमले की झाले. काही परंपरा मात्र जागेला बांधलेल्या असतात. कुमाऊँत गोलू देवता न्यायाची देवता मानली जाते. अल्मोड्याजवळच्या चितई येथील मंदिरात भाविक आपली तक्रार कागदावर, प्रसंगी मुद्रांकावरही, लिहून टांगतात आणि मनासारखे झाले की घंटा वाहतात. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची आणि उपस्थितांनी 'होय महाराजा' म्हणून साथ देण्याची जी रीत आहे, तिचेच हे लेखी रूप. देवतेची कथा रात्रभर गाऊन तिला जागविण्याच्या विधीस जागर म्हणतात. हुडका हे वाद्य आणि काशाची थाळी यांच्या साथीने जगरिया कथा गातो आणि डंगरिया नावाच्या माध्यमाच्या अंगात देव येतो. खंडोबाचे जागरण किंवा गोंधळ पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. पण असा जागर बहुधा गावीच होतो. म्हणूनच मुंबई-दिल्लीची कुटुंबे सुटी काढून गावी जातात, जसा कोकणचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला जातो. मुंबई-गोवा महामार्गाच्या तोंडाशी असलेले पनवेल ही दुसरी वारी दरवर्षी पाहत असते.

परंतु परतायला गाव उरले पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ३० हजारांवरून ६ लाख २२ हजारांवर आली. गढवालातील पौडी जिल्ह्यातही घट झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे घडले. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. गाव सोडणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी रोजगाराचे, तर सुमारे १५ टक्क्यांनी शिक्षणाचे कारण दिले. ज्या गावात गुरे नाहीत तेथे खतडुवा कोणासाठी, आणि ज्या गावात मुले नाहीत तेथे उंबरठ्यावर फुले कोण वाहणार, असा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न पनवेलला अपरिचित नाही. येथे माणसे गाव सोडून गेली नाहीत. गावाभोवतीची शेतेच गेली. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी दहा गावे हलविण्यात आली. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारिणीच्या गाण्यांनी पार पडत. भात, खाडी, मीठ यांच्या भोवती गुंफलेली ती गाणी मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आता वयोवृद्ध होत चालल्या आहेत. कामोठ्याच्या एकाच इमारतीत राहणारे कुमाऊँनी आणि आगरी कुटुंब वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोचले आहे: सण शिल्लक आहे, पण ज्या शेतासाठी तो होता ते शेत नाही.

अशा वेळी सर्वांत आधी भाषा क्षीण होते. २०११ च्या जनगणनेत कुमाऊँनी मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ८१ हजार आणि गढवाली सांगणारे सुमारे २४ लाख ८२ हजार होते. पण जनगणना या दोन्ही भाषा हिंदीच्या पोटात धरते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत त्यांना स्थान नाही, आणि युनेस्कोने धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत त्यांचा समावेश केला आहे. हरेल्याचा आशीर्वाद कुमाऊँनीत आहे, जागराची कथा कुमाऊँनीत आहे. शहरात वाढणारे मूल शाळेत इंग्रजी, मैदानात हिंदी-मराठी बोलते. आजीने मस्तकावर अंकुर ठेवले तरी तिने काय म्हटले हे त्याला कळत नसेल, तर विधी उरतो आणि त्याचा अर्थ जातो.

उत्तराखंडात हरेला आता वृक्षारोपणाचा सण म्हणून सरकारी पातळीवर साजरा होतो. सणाला नवा हेतू देऊन तो टिकविण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग घरातला आहे. टोपलीत धान्य पेरताना, घुघुते तळताना त्या त्या वस्तूचे नाव मुलाला आपल्या बोलीत सांगणे, यासाठी ना भवन लागते ना मैदान. धवलारिणीच्या नातवंडांनाही हेच लागू आहे.